पाटी नसलेला निवडुंग

"नर्सरीवाल्याला लाज वाटाय पायजे. बाईचा डोळाच गेला असता की!"

शेजारच्या मावशी ओट्यावरून बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा गाळत होते. बाहेर काकी डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून बसली होती.

"डाक्टर म्हणला, चार दिस धुकं दिसंल, मग कळंल," काकी म्हणाली. "तवर एका डोळ्यानं ह्ये निम्मंच दिसत्यात, तेवढंच बरं."

'ह्ये' म्हणजे तात्या, माझे चुलते. ते हसले नाहीत. "उद्या सकाळीच बारामतीला जातो. चार लोकांम्होरं इचारतो त्याला, न सांगता असलं इकतोस कसं म्हून."

गाळणीतला चोथा मी उगाच चमच्याने दाबत राहिले.

वळवाच्या पावसात मावशींच्या नारळावर वीज पडली, तेव्हापासून काकीला गच्चीत निवडुंग हवा होता. आमच्या लासुर्ण्यात बऱ्याच घरांवर तो एखाद्या फुटक्या बादलीत उभा असतो. तो असला की घरावर वीज पडत नाही, असं म्हणतात. मी बारामतीला नोकरीला जाते, म्हणून आणायचं काम माझ्याकडे आलं.

नर्सरीत तो एका कोपऱ्यात होता, माझ्या कमरेइतका, सरळ खांबासारखा. बाकीच्या कुंड्यांना नावाच्या पाट्या होत्या, याला नव्हती. नर्सरीवाले चाचा कुंडीला गोणपाट बांधता बांधता म्हणाले, "पाटी कुठं पडली काय म्हाईत. पन जपून हां ताई, चीक लय वाईट याचा." मी फोनवरून पैसे देत होते. मान हलवली. अनोळखी माणसांशी मी तेवढंच बोलते.

घरी काकीने आधी तेच विचारलं. तिच्या दोन्ही चुलत जावांना एकेक तुकडा द्यायचा होता, त्यासाठी कापावं लागणार होतं. "चिकाचा हाय का गं? सुई टोचून बघू?" जावा समोरच बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "सुई कशाला? तिला इचारा की. इंग्लिश शाळेत शिकलीय, फोनात बघंल."

मी फोटो काढला. फोनवर पहिलं नाव आलं ते एका खऱ्या कॅक्टसचं, चीक नसलेल्या. खाली दुसरंही नाव होतं, त्याच्यापुढे विषारी चिकाची सूचना होती. दोघांतला फरकही दिला होता: कॅक्टसचे काटे लवदार ठिपक्यातून झुबक्याने येतात, दुसऱ्याचे कडेवर जोडीजोडीने. आमच्या झाडाचे काटे जोडीने होते. ते मला दिसले. पण तोवर मी पहिलं नाव मोठ्याने वाचलं होतं, आणि तिघी माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. चाचांचं बोलणंही आठवलं. वाटलं, त्यांना काय, सगळे काटे सारखेच.

"सुई नको काकी, झाडाला बुरशी लागते," मी म्हणाले. "चीक नाही याला."

दुसऱ्या दिवशी तिने कोयत्याने वरचा शेंडा तोडला. दुधासारखा चीक उडाला. ती ओरडली तेव्हा मी गच्चीच्या जिन्यातच होते. नळाखाली तिचा डोळा धरला, रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय गेलं डोळ्यात? मी झाडाचं नाव बरोबर सांगितलं, फोनवरचं दुसरं. एकदाही अडखळले नाही.

तेव्हापासून कोणी मला काही विचारलं नव्हतं. काकीनेही नाही. "फोनाला तरी काय कळतंय," एवढंच ती म्हणाली होती, मला कमीपणा वाटू नये म्हणून.

चहाचे कप घेऊन मी ओट्यावर आले. तात्या गाडीची किल्ली खिळ्यावरून काढून खिशात ठेवत होते, सकाळी शोधावी लागू नये म्हणून. "चांगला म्हातारा वाटायचा," ते मावशींना म्हणाले. "सगळ्यास्नी सांगतो, त्याच्याकडनं काय घिऊ नका."

ट्रे हातातच होता. तो मी खाली ठेवला.

"तात्या, चाचांनी सांगितलं होतं. चीक लय वाईट म्हणून. मला माहीत होतं, मीच काकीला चीक नाही म्हणाले."