कुलपं हलवून बघणारी माणसं

आमच्या धंद्यात बाहेर काही बोलता येत नाही. कुणाच्या सर्व्हरला कुठे भोक सापडलं, कुणाचा पासवर्ड बायकोच्या नावाचा निघाला, हे घरीसुद्धा सांगायची सोय नाही. मग जे बोलता येतं ते आमचं आमच्यातच साठत जातं.

महाप्याला आमचं छोटं ऑफिस आहे. कंपन्या बोलावतात, आम्ही त्यांच्या नेटवर्कची कुलपं हलवून बघतो आणि कुठली उघडतात ते सांगतो. वाघमारे सर मालक. धीरज म्हात्रे आणि शबाना मुकादम टेस्टर. मी रिपोर्ट लिहिते. रिपोर्टमध्ये जे बसत नाही ते चहाला निघतं.

*

आमचे सर्व्हर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात ती फुकट मिळते. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली आहे आणि सुरक्षितता हा तिचा एकमेव हट्ट. तिचं चिन्ह केंड मासा. अंगावर काटे, कुणी जवळ आलं की फुगून चेंडू होणारा. सरांनी त्याचं मोठं स्टिकर सर्व्हरच्या कपाटावर चिकटवलंय.

धीरज घणसोलीच्या गावठाणातला. त्याची आई मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ऑफिसात आली. हळदीला यायचंच असं सरांना बजावलं आणि मग तिची नजर कपाटावर गेली.

"यो केंड कनाला चिकटवलाय?"

सर कौतुकाने म्हणाले, "मावशी, हा आमच्या कंप्युटरची राखण करतो."

मावशींना ते काही पटलं नाही. "जाल्यात गावला त आमी फेकून देतो त्याला. कोन खात नाय, कोन इकत घेत नाय. कोन हात बी लावत नाय."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "शेवटचं वाक्य ब्रोशरमध्ये घे."

*

या सिस्टिमचा स्वभाव असा, की बसवल्यावर बाहेरून आत यायचे सगळे दरवाजे बंद. हवा तो आपण उघडायचा. धीरज नवा होता तेव्हा सरांनी त्याला ती एका मशीनवर टाकायला सांगितली. तो अर्धा दिवस झटापट करून रडवेला होऊन आला.

"सर, बाहेरून काहीच कनेक्ट होत नाहीये."

"काहीच नाही?"

"काहीच नाही सर. सगळं करून बघितलं."

"मग बरोबर बसलीय," सर म्हणाले. "चल, जेवून घेऊ."

*

मी सानपाड्याला राहते. आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग कुणीतरी बाहेरून बघतंय अशी कुजबुज झाली, तेव्हा सेक्रेटरींनी मला गाठलं. मी सांगितलं, ओपन सोर्स सिस्टिम टाका, आम्ही बसवून देतो.

"ओपन म्हणजे तिचं पोटातलं सगळं कुणालाही वाचता येणार?"

"हो."

"मग ती सेफ कशी?"

मी म्हटलं, "काका, मीटिंगमध्ये काय ठरलं ते नोटीस बोर्डावर लावलं, तर चारशे डोळे वाचतात. चूक असली तर लगेच कुणीतरी बोट ठेवतं. कपाटात ठेवलं तर चूक तशीच राहते."

काकांनी बराच विचार केला. म्हणाले, "मग आपल्याकडे नको."

पुढच्या सभेत लोकांनी ती बसवायचं ठरवलंच. तो ठराव मात्र काकांनी स्वतःच्या हाताने बोर्डावर लावला.

*

द्रोणागिरीला एका गोडाऊनचं काम होतं. धीरज आणि मी गेलो. आमच्या टेस्टिंगच्या लॅपटॉपवर वेगळीच सिस्टिम असते, तीही फुकटची. तिच्यात कुलपं तपासायची सगळी हत्यारं आयती भरलेली. ती लावली की नेटवर्कवर काय काय जोडलेलं आहे त्याची यादी पडद्यावर येते.

कंप्युटर, कॅमेरे, प्रिंटर, सगळं ओळखीचं. एक वस्तू मात्र कळेना. थेट इंटरनेटला उघडी, पासवर्डही नाही. शोधत शोधत आम्ही मॅनेजरच्या केबिनमध्ये पोचलो. ती त्यांची मसाज करणारी खुर्ची निघाली. मोबाइलवरून चालू करता यावी म्हणून जोडलेली.

मॅनेजर हसले. "खुर्चीतून काय चोरणार?"

"खुर्ची चोरायची नसते साहेब," धीरज म्हणाला. "एकदा खुर्ची हातात आली की बाकीचं सगळं मिळतं."

"हे तुम्ही मला कशाला सांगता," मॅनेजर म्हणाले. "माझे मोठे भाऊ नगरसेवक होते."

*

शबानाला बघायला पनवेलहून पाहुणे येणार होते. त्याच दिवशी तिची एका क्लायंटची टेस्ट चालू होती, थांबवता येण्यासारखी नव्हती. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लॅपटॉप, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावतायत. तिच्या अम्मीने त्यावर ओढणी टाकली, तर लॅपटॉप गरम होईल म्हणून शबानाने ती काढली.

मुलाच्या आईचं लक्ष गेलंच. "हे काय करतेस बेटा?"

"हॅकिंग," शबाना म्हणाली. अम्मीने डोळे मिटले.

बाई पुढे सरकल्या. "मग माझ्या मुलाच्या फोनमध्ये काय काय आहे ते सांगशील?"

"लेखी परवानगीशिवाय आम्ही कशालाच हात लावत नाही. फोन ज्याचा, सही त्याची."

आता पाहुणे चहा संपवून उठणार असं अम्मीला वाटलं. तेवढ्यात तोवर एक शब्द न बोललेला मुलगा म्हणाला, "पेन आहे का?"

लग्नाला आता वर्ष होऊन गेलं. फोनमध्ये काय सापडलं, असं आम्ही अजूनही तिला विचारतो. ती म्हणते, "क्लायंटची माहिती बाहेर सांगत नाही."

*

शनिवारी दुपारी सर दिघ्याला एका हॉलमध्ये फुकट क्लास घेतात. जुने, कंपन्यांनी टाकून दिलेले कंप्युटर, त्यावर लिनक्स. सरांनी शिकणाऱ्यांना एक आव्हान दिलेलं होतं. ऑफिसातल्या एका सर्व्हरवर 'पाहुणे' नावाची रिकामी फाइल ठेवली होती. त्या फाइलमध्ये जो आपलं नाव आणील, त्याला आमच्याकडे नोकरी. पोरं महिनोन्महिने डोकं आपटत होती. दर शनिवारी सर आपल्या लॅपटॉपवरून ती फाइल सगळ्यांसमोर उघडून दाखवायचे. रिकामी.

क्लासला सुनीता गायकवाड यायची. तिचं ब्युटी पार्लर होतं, रस्तारुंदीत गाळा गेला आणि बंद पडलं. पदरात दोन मुलं, आणि शनिवारी तिथे जाऊन काय मिळतं असं सासू दर आठवड्याला विचारायची. सुनीता तोंडाची मोठी गोड. कुणालाही बोलतं करायची.

एका सोमवारी सरांनी सहज फाइल उघडली, तर आत 'सुनीता गायकवाड' असं इंग्रजीत लिहिलेलं. सर ताठ बसले. आम्ही सगळ्या नोंदी तपासल्या. बाहेरचं कुणीही आलेलं नव्हतं. आत आलेला माणूस एकच, स्वतः सर. धीरजचा चेहरा उतरला. सिस्टिममध्येच कुणाला न सापडलेलं भोक असेल, तर जगभर बातमी होणार होती. शबाना आठवडाभर ते भोक शोधत होती. काही हाती लागलं नाही.

शनिवारी आम्ही सगळेच दिघ्याला गेलो. सरांनी सुनीताला पुढे बोलावलं. "नोकरी पक्की. आता सांग, आत कशी शिरलीस?"

"मी कुठे शिरले, सर?" ती म्हणाली. "गेल्या शनिवारी तुम्ही फाइल उघडलीत. मी विचारलं, नाव आलं तर कसं दिसेल, एकदा लिहून दाखवा ना. तुम्ही माझंच लिहिलंत. गायकवाडमध्ये डब्ल्यू की व्ही, तेही विचारलंत. मग मी विचारलं, हे सेव्ह कसं करतात. तुम्ही सेव्ह करून दाखवलंत."

"आणि मी ते पुसलं नाही?"

"पुसणार होतात. मी तुमच्या मिसेसच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली."

सर म्हणाले, "सोमवारी ये. ऑफर लेटर तयार ठेवतो."

"त्यावर नाव तुम्हीच लिहा, सर," सुनीता म्हणाली. "स्पेलिंग तुम्हाला माहीत आहे."