उलट्या पावलांची जीप

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी टायर आणायला नगरला गेलो, तेव्हा माझ्या जीपचे चारही टायर गोटा झाले होते. जीप माझी म्हणजे लष्करानं लिलावात काढलेली आणि दोघांच्या हातांतून फिरून माझ्याकडे आलेली. राजूर ते अकोले अशा खेपा मी तिच्यावर करायचो. बाजारकरी, कोंबड्या, भाताची पोती, एकदा तर मुंडावळ्यांसकट नवरदेव, सगळे तिच्यातून गेले. त्या रस्त्यावर गोटा टायरांनीही निभत होतं. मला टायर हवे होते ते धाकट्या बहिणीला पंचमीला माहेरी आणण्यासाठी.

तिचं सासर आमच्या गावापासून तीन कोस, घाटाच्या अंगाला. उन्हाळ्यात तिथवर बैलगाडी आरामात जायची. आषाढ लागला की भातखाचरांमधली ती वाट म्हणजे नुसता तांबडा चिखल, आणि तिच्या गावाच्या अलीकडे एक ओढा. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि एकाही पंचमीला ती घरी आली नव्हती. सासरचे तिला पायी धाडत नव्हते, म्हणून दरवर्षी मी मुऱ्हाळी होऊन बैलगाडीनं तिला आणायला निघायचो आणि अर्ध्या वाटेवरून हात हलवत परत यायचो. आदल्या वर्षी जीप नेली, तर ती पहिल्याच मैलात रुतली.

आईला दमा होता. "औंदाची पंचमी माझी शेवटची," असं ती दरसाल म्हणायची आणि आम्ही हसण्यावारी न्यायचो. पण त्या वर्षी राजूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जवळजवळ तेच सांगितलं. त्यानंतर तिच्या त्या वाक्यावर मला हसता येईना.

नगरात आधी नव्या टायरांच्या दुकानात शिरलो. रबराचा वास घेतला, किंमत ऐकली आणि मुकाट पायरी उतरलो. मग जुन्या टायरवर नवं रबर चढवून देणाऱ्याकडे गेलो. माल दिसायला झकास, नक्षी खोल आणि काळी कुळकुळीत. पण वरच्या रबराखाली काय कुजलंय ते कळायला मार्ग नव्हता आणि दुकानदार ते सांगायला तयार नव्हता. चिखलात दगडावर घासून वरचा पट्टा सुटला म्हणजे मी कुठल्या रानात बसून रडणार होतो? तिथूनही निघालो.

शेवटी स्टेशनच्या बाजूला लष्करी भंगाराचा माल विकणारे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ भेटले. टायरांच्याच थप्पीवर बसून ते चहा पीत होते. मी आपला सगळ्यात रुंद, सगळ्यात दांडगा टायर दाखवून म्हणालो, हे चार द्या. त्यांनी बशी खाली ठेवली.

"चिखल किती खोल हाय तुमच्याकडं?"

मी कोपरापर्यंत हात दाखवला.

"आणि खाली काय लागतं?"

"मुरूम. कुठं कुठं खडक."

"मग रुंद घेऊन काय करणार, बेटा? ते वरच्या वर घसरत राहील. बारीक घे. चिखल कापून खाली जाईल आणि मुरूम धरील."

मग पाऊस किती दिवस चालतो, उतार कुठे आहे, चिखल चिकट आहे की पातळ, असं त्यांनी बारकाईनं विचारलं. मला उभ्या जन्मात कुणी माझ्या चिखलाबद्दल इतकं विचारलं नव्हतं. त्यांनी थप्पी उपसून चार अरुंद टायर काढले. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखे रबराचे जाड तिरपे पट्टे, मधोमध टोक करून जुळलेले. प्रत्येकाला अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. एकाच्या कुशीत चीर होती, आतून ठिगळ लावलेलं होतं. त्याची किंमत त्यांनी मी बोलण्याआधीच उतरवली. मला परवडणारं यापेक्षा बरं काही नगरात नव्हतं.

निघताना त्यांनी धुळीत बोटानं एक टोक काढून दाखवलं. "हे टोक आधी भुईला लागलं पाहिजे. मग चिखल दोन्ही अंगांनी बाहेर फेकला जातो. उलटं बसवलंस तर सगळा चिखल पट्ट्यांत भरून बसेल." मी मान डोलावली आणि चारही टायर एसटीच्या टपावर चढवले.

टायर बसवून जीप अंगणात आणली तेव्हा मी भलताच खुशीत होतो. आई ओट्यावर बसली होती. तिनं जीपकडे पाहिलंच नाही, ती मागं उमटलेल्या नक्षीकडे पाहत राहिली.

"ही पावलं उलटी हायेत," ती म्हणाली.

आमच्याकडे गुराखी माणसं. जनावर हरवलं तर खुरांच्या मागावरून शोधायचं, हे प्रत्येकाच्या अंगात मुरलेलं. खुराचं टोक जिकडे, तिकडे जनावर गेलं. माझ्या टायरांची टोकं मात्र मागं, वेशीकडे रोखलेली होती. टोक आधी टेकायचं तर ठसा तसाच उमटणार. पण हे ऐकतो कोण? आळीतला एक म्हातारा गुराखी, चोरीला गेलेले बैल माग काढत संगमनेरच्या बाजारातून परत आणणारा, अंगणात उकिडवा बसला, नक्षीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही गाडी आली न्हाई, गेली." आणि उलटी पावलं कुणाची असतात हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आईनं त्या हडळीचं नावही घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "असल्या गाडीतनं माझी लेक आनायची न्हाई."

मी धुळीत बोटानं रेघा ओढून समजावलं. मग चिडलो. तिच्यासाठी मी नगरपर्यंत तंगडतोड केली आणि ही पावलांचं घेऊन बसली, असं तोंडावर बोललो. पण दमेकरी माणसाशी भांडता येत नाही. त्याला धाप लागते आणि आपण गुन्हेगार ठरतो. ती खोकत राहिली, मी पाठीवरून हात फिरवत राहिलो. दुसऱ्या दिवशी जॅक लावून डावी चाकं उजवीकडे आणि उजवी डावीकडे केली. आईनं जीप पुढं-मागं करायला लावली, ठसे पाहिले आणि म्हणाली, "आता कसं बरं दिसतंय."

मी मनाशी ठरवलं होतं, पंचमीला वेशीबाहेर गेल्यावर चाकं पुन्हा सुलटी करायची. आईला कळायचं कारण नव्हतं. पण त्या सकाळी धो धो पाऊस होता. मैलभर जाऊन थांबलो, जॅक लावला तर तोच चिखलात जायला लागला. त्याच्याखाली फळी घालून चारही चाकं बदलायची म्हणजे दोन तास. असू दे, चारही चाकांना जोर आहे, जाईल गाडी, असं म्हणून मी जॅक मागं फेकला. ही चूक माझी. ती आईच्या अंगावर ढकलावी असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

ओढा मैलभर राहिला असताना एका उतरणीला गाडी बसली. म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. पट्ट्यांत चिखल ठासून भरला आणि चारही टायर पुन्हा गोटा. मी फांद्या घातल्या, दगड घातले, इंजिन नुसतं ओरडत राहिलं. शेवटी ते बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. तीस वर्षांचा बाप्या, हुंदके देऊन रडलो.

तास-दीड तासानं समोरून कुणीतरी येताना दिसलं. डोक्यावर पानांचं इरलं, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, पाय मांड्यांपर्यंत तांबडे. माझी बहीणच होती.

"सकाळपास्नं वड्याच्या काठाला बसले हुते," ती म्हणाली. "गाडीचा आवाज आला. मग लई येळानं बंद झाला. म्हनलं, दादा काय आता येत न्हाई."

मुऱ्हाळ्याशिवाय सासरचा उंबरा ओलांडायची आमच्यात रीत नाही. तिनं तो ओलांडला होता आणि कमरेएवढ्या पाण्यातून ओढाही. जीप तिथंच सोडून आम्ही चालत निघालो. वाटेत मी तिला टायरांचं सगळं सांगितलं. दिवेलागणीला घरी पोचलो. पडवीतच तिनं पाय धुतले.

आई उठून बसली. तिनं लेकीला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. मग विचारलं, "गाडीनं आलीस?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "व्हय आये. दादानं येशीबाहेर लावलीया."

"बघ," आई मला म्हणाली, "पावलं सुलटी केली म्हनून आली. आता दर पंचमीला आनत जा तिला." तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भेटायला येईल त्याला ती टायरांची गोष्ट सांगायची आणि आम्ही दोघं भावंडं खाली माना घालून बसायचो.

पाच दिवसांनी बहीण आईला गाडीनं जाते असं सांगून चालतच परत गेली. पाऊस जरा उघडल्यावर दोन बैलजोड्या लावून जीप ओढून काढली. चाकं मी गुपचूप नगरच्या म्हाताऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे केली. अंगणातले ठसे बघायला आई आता उठतच नव्हती.

भाद्रपदात तिचा श्वास फारच वर लागला. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. "जा, तिला घेऊन ये," म्हणाली. "आता काय, गाडी जाती."

त्या वेळी तरी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर कदाचित तिनं वाट पाहिली नसती. मी जीप काढली.

गाडी गेली. त्याच चिखलातून, त्याच उतरणीवरून, कुठेही न अडखळता गेली. दोन्ही बाजूंनी चिखलाचे लपके उडत होते आणि मी वेड्यासारखा हसत होतो. मग ओढा आला. तीन दिवस वर घाटात पाऊस कोसळत होता आणि अख्खं झाड पाण्यातून वाहत चाललं होतं. मी हॉर्न वाजवला. हाका मारल्या. त्या आवाजापुढं मला माझाच हॉर्न ऐकू येत नव्हता. पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, मी येणार हे तिला कुणी कळवलं होतं? अंधारून येईपर्यंत मी पाणी उतरायची वाट पाहिली आणि गाडी वळवली.

अंगणात जीप थांबल्याचा आवाज आईनं ऐकला होता. मी आत गेलो तेव्हा शेजारणीनं तिला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. लेक येणार म्हणून तिनंच तसं बसवून घेतलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या मागं, दाराकडे बघत राहिली.