संत्र्याच्या चवीचं अ‍ॅसिड

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर आजही माझं डोकं चक्रावतं. वारज्याच्या एक बाई आमच्या पोलीस ठाण्यात आल्या आणि ठाणे अंमलदाराला शांतपणे म्हणाल्या, "माझा मुलगा जिममध्ये रोज अ‍ॅसिड पितो." अंमलदाराचा चहाचा कप जो हवेत थांबला, तो त्याची बदली होईपर्यंत खाली आला नाही.

मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. मैदानी चाचणी तोंडावर आलेली, आणि सरावात धावताना तो चक्कर येऊन पडत होता.

मी अर्धं ठाणं घेऊन जिमवर छापा घातला. ट्रेनरचे दंड असे, की बेडीऐवजी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीची साखळी मागवावी लागली असती.

"अ‍ॅसिड कुठंय?" मी दरडावलं.

"फळीवर, साहेब. संत्र्याच्या चवीचं आहे."

डब्यावर लिहिलं होतं, अमिनो अ‍ॅसिड. आम्ही पावडर जप्त केली, ट्रेनरला बॅगेसकट ठाण्यात आणलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, डाळ, दूध, अंडी पचली की शरीरात हीच अ‍ॅसिडं तयार होतात. म्हणजे अख्खं पुणं आरोपी! डॉक्टर पुढे म्हणाले, नीट जेवणाऱ्याला पावडरीचा फारसा फायदा नाही. जेवण कमी पडत असेल तर थोडी मदत होते. किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि भेसळीचा धोका वेगळाच.

"थोडक्यात, चांगलं की वाईट?"

"घेणारा कोण, त्यावर आहे."

खुनाचे आरोपीसुद्धा मला याहून सरळ उत्तरं देत.

कलम कुठलं लावावं ते सुचेना. तेवढ्यात हवालदाराने ट्रेनरच्या बॅगेतून स्टीलचा जेवणाचा डबा काढला. बाकावर बसून राहिलेल्या बाई ताडकन उठल्या. झाकणावर त्यांचंच नाव कोरलेलं होतं.

ट्रेनर खाली बघत म्हणाला, "तुमचा मुलगाच देतो, काकू. पावडरीत सगळं असतं, जेवायचं कशाला, म्हणतो. उसळ वाया जाऊ नये म्हणून मी खातो."

बाईंनी त्याचे दंड निरखून पाहिले. "म्हणजे हे माझ्या मटकीचे."

दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाला समोर बसवून जेवू घालू लागल्या. चक्कर थांबली, तो धावला, भरती झाला. परवा कसबा पेठेत बंदोबस्तावर भेटला. पावडर सुटली का, विचारलं. "नाही साहेब. जेवल्यावर घेतो."

मग गुण कशाचा? मला अजून कळलेलं नाही. कुणी काय पितो अशी तक्रार आली, तर तो जेवतो का हे आधी विचारावं, एवढंच शिकलो.

जप्त केलेल्या डब्यातली उसळ कुणी संपवली, ते मात्र विचारू नका. तपास माझ्याकडेच होता.