दुकानातली तंबाखू बंद केली तेव्हा

तव्यावर तंबाखू भाजल्याचा खमंग, घशात बसणारा वास आला की मला गोडादरा वस्तीतल्या माझ्या किराणा दुकानातली एक दुपार आठवते. तंबाखू, विडी, सिगारेट मी नुकतीच बंद केली होती आणि त्या फळीवर फुटाणे-शेंगदाण्यांच्या बरण्या मांडल्या होत्या. पुरुष कुरकुरत समोरच्या दुकानात गेले, त्याचं मला काही वाटलं नाही. मग मागच्या गल्लीतली एक खानदेशी बाई पदराने गाल दाबत आली आणि नेहमीसारखं तंबाखूचं पान मागू लागली. “आता ठेवत नाही,” मी म्हटलं. “ताई, ते बाप्या माणसांना बंद करा. मी कुठे तंबाखू खाते? भाजून मिश्री तर लावते!” तिने ओठ ओढून दाखवला. हिरडीवर पांढरट चट्टा होता आणि मधोमध जखम. “दिवाळीपासून भरतच नाही. मिश्री लावली की तेवढं ठणकणं थांबतं.” “मिश्रीनेच झालंय ते. दुकान बंद करते, चल माझ्याबरोबर दवाखान्यात.” “पान द्यायचं नाही तर नका देऊ, भेव कशाला घालता?” म्हणत ती रस्ता ओलांडून गेली. त्या दिवसापासून तेल, साखरही ती समोरूनच घेऊ लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं कुटुंब गावी गेलं, ते परत आलं नाही. आजही मी तंबाखू ठेवत नाही, ठेवणारही नाही. पण पान देत राहिले असते, तर ती माझ्या दुकानात येत राहिली असती आणि एखाद्या दिवशी दवाखान्यात यायला तयार झाली असती, हे मला नाकारता येत नाही.