अण्णांची तांबडी पुडी

अण्णा वाइन देण्याआधी पाहुण्याला माती हुंगायला लावत. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक कागदी पुडी असे, शहराबाहेर होसकोट्यापुढच्या त्यांच्या द्राक्षबागेतल्या तांबड्या मुरमाड मातीची. तिच्यावर चार थेंब पाणी टाकून ती नाकाशी धरायचे. "आईला भेटल्याशिवाय पोरीला काय बघता?"

मी पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. मी बेळ्ळंदूरला तलाव वाचवण्यासाठी पत्रकं वाटणारी. लोक टँकरमागे धावताहेत आणि तुम्ही दारूसाठी पाणी उपसता, असं तोंडावर सुनावलं. विजयपूरकडचा हा निवृत्त कारखाना-इंजिनियर शांतपणे म्हणाला, "वेलीला किती पाणी देतो, बघितलंस? नाही? मग स्वल्प बघ, नंतर शिव्या दे."

भर उन्हात त्यांनी मला ओळीओळीतून फिरवलं. ठिबकच्या नळीखाली जेमतेम वीतभर ओल. "वेल तहानलेली पाहिजे. लाडावली की मणी फुगतात, रस पाणचट होतो." दिवसाचं ऊन गोडी भरतं, रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो, हेही तिथेच कळलं. वाइन काळपट लाल, दाट, जांभळासारखी जीभ आवळून धरणारी. मी माफी मागितली नाही. पुढच्या रविवारी मात्र पुन्हा गेले.

जमीन खंडाने घेतलेली होती. मालकाने ती प्लॉट पाडणाऱ्यांना विकायला काढली आणि माझं डोकं फिरलं. पत्रक लिहिलं: 'देशातली सर्वोत्तम वाइन संपवणारे नराधम!' अण्णांनी पेन्सिलीने आधी 'सर्वोत्तम' खोडलं, मग 'नराधम'.

"देशातल्या सगळ्या प्यायलीस होय गं? आणि तो मालक माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढत होता. एक वाक्य खोटं सापडलं की नऊ खरी मरतात."

"अण्णा, अशाने बाग जाईल!"

"जाऊ दे. या मातीसाठी खोटं बोलू?"

राग आला. आजही येतो. खरं तेवढंच लिहिलेलं पत्रक निघालं, आणि बाग गेलीच. आता तिथे वसाहतीची कमान आहे. कमानीवर सिमेंटचे द्राक्षघड! लाज कशी वाटत नाही?

अण्णा वेलींच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून गावी, भावाच्या काळ्या रानात गेले. यंदा त्या वेलींची पहिली बाटली घेऊन के. आर. पुरमला माझ्या खोलीवर आले. सोबत पुडी, काळ्या मातीची. जुनी वाइन चाखलेले आमच्या तलाव-गटातले सगळे "वा अण्णा, तीच चव!" म्हणाले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. हो म्हणावंसं फार वाटलं. म्हातारा माणूस, चार वर्षं राबलेला.

"चांगली आहे, अण्णा. पण ती नाही. ही पाणचट आहे."

अण्णांनी खिशातून दुसरी पुडी काढली, झिजलेली, तांबडी, आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"सरी, बरोबर बोललीस. ही आता तुझ्याकडे राहू दे. दोन महिने मी स्वतःलाच 'तीच आहे, तीच आहे' म्हणत होतो."