मी रजिस्टरमध्ये ‘चपळ’ लिहायचो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि दादाला — त्याला सांगायची तर हिंमतच झाली नाही.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी मोरिवलीजवळच्या एका औषध कंपनीत उंदरांची देखभाल करायचो. रोज सकाळी एकेका पिंजऱ्यापाशी उभं राहायचं, उंदीर कसा आहे ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. तेव्हा इंटरफेरॉनची चाचणी चालू होती — लिव्हरच्या जुनाट काविळीवर देतात ते, शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारं इंजेक्शन.

ते दिलेले उंदीर हळूहळू बदलले. झाकण उघडलं की बाकीचे नाक वर करून यायचे. हे कोपऱ्यात पाठ करून बसलेले. अंग चाटून साफ करणंही सोडलेलं. मला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. पण ‘सुस्त’ लिहिलं की साहेबांची चौकशी, पुन्हा तपासणी, आणि शेवटी संशय माझ्यावरच — पाणी वेळेवर बदललं होतंस का? म्हणून मी पेनाने पिंजऱ्यावर टकटक करायचो. उंदीर दचकून चार पावलं पळायचा. मग मी लिहायचो — चपळ. पळाला तर होता ना? एवढा मी हुशार.

त्याच वर्षी बदलापूर गावात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला तेच इंजेक्शन सुरू झालं. दादा म्हणजे भारी बोलका माणूस; विहारातल्या कार्यक्रमात माईक त्याच्याच हातात असायचा. दोन महिन्यांत तो गप्प झाला. दाढी वाढली, कामावर जाईना, पोरीने हाक मारली तरी भिंतीकडे तोंड करून पडलेला.

मी ओळखलं. बघताक्षणी ओळखलं — आणि चहा पिऊन घरी आलो.

पुढच्या खेपेला वहिनी मला दारापर्यंत सोडायला आली. “भाऊजी, डॉक्टर बोलले होते, मूडमध्ये फरक वाटला तर लगेच सांगा. तुम्ही तर या लाइनमधलेच. इंजेक्शनमुळे होत असेल का ओ हे? सांगू का त्यांना?”

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण हो म्हटलं असतं तर तुम्हाला कसं माहीत, हा प्रश्न आला असता. तिने नसता विचारला कदाचित. मला तो नको होता, एवढंच खरं.

“छे, औषधाचं काही नाही,” मी म्हणालो. “दादाने मनाला लावून घेतलंय. त्याला जरा उठवा, कामाला लावा.”

तिने माझं ऐकलं. ती त्याला ओरडून उठवू लागली, आई त्याला आळशी म्हणू लागली. मीही एका रविवारी गेलो आणि त्याच्या पोरीसमोर म्हणालो — जरा तरी लाज वाटू दे.

त्यानंतर एका दुपारी गावातल्या दोघांनी त्याला नदीच्या पुलावरून धरून घरी आणलं. तेव्हा कुठे वहिनीने डॉक्टरांना सांगितलं. इंजेक्शन थांबलं, दुसऱ्या गोळ्या चालू झाल्या आणि काही महिन्यांनी दादा माणसांत आला. मी? मी वहिनीच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं, बस्स.

इंजेक्शनमुळे झालं असं डॉक्टरांनी सांगूनही दादाला अजून वाटतं, आपणच मनाने कच्चे निघालो. परवा जेवताना माझा हात धरून म्हणाला, “तेव्हा तुम्हा सगळ्यांना लय त्रास दिला रे मी. माफ कर मला.”

मी ताटात बघत म्हणालो, “जाऊ दे, दादा. केलं माफ.”