दोनशे पंधरावा नॉर्मालमाँ

सी तिजानी कम्मून यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल असायची. ऑफिसातल्या बाकी सगळ्यांच्या खिशात मोटरसायकलची किल्ली, सिगारेटचं पाकीट नाहीतर फोन. पेन्सिल एकट्या सी तिजानींची. कारण बाकीचे सगळे प्रोग्रॅमर होते आणि ते मुद्रितशोधक. सव्वीस वर्षं त्यांनी बंदराजवळच्या एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका खोडल्या. छापखाना बंद पडला त्या दिवशी मालक सगळ्यांचे हात हातात घेऊन म्हणाला होता, "नॉर्मालमाँ सहा महिन्यांत परत सुरू करतो." त्याला सहा वर्षं झाली. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.

नॉर्मालमाँ हा शब्द फ्रेंच लोक जाताना आमच्याकडे विसरून गेले. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ अगदी साधा आहे: नेहमी होतं तसंच होणार. आमच्या तोंडात मुरता मुरता त्याचा पार बोऱ्या वाजला. आमच्या सफाकस शहरात नळदुरुस्तीवाला "नॉर्मालमाँ उद्या सकाळी येतो" असं म्हणाला, की शहाणा माणूस मुकाट्यानं बादली शोधायला लागतो. नळवाल्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. त्यानं तो शब्द वापरून आधीच सावध केलेलं असतं.

छापखान्यानंतर दोन वर्षं घरी बसून काढल्यावर सी तिजानींना ग्रेमदा रस्त्यावरच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. मालक अनीस, वय चौतीस, त्यांच्या जुन्या शेजाऱ्याचा मुलगा. लहानपणी त्यांच्या अंगणातले कच्चे बदाम चोरून खायचा, तेव्हा सी तिजानी त्याला "अरे ए माकडा" म्हणायचे. नोकरी लागल्यापासून ते त्याला आदराचा 'सी' लावून "सी अनीस" म्हणू लागले. त्यालाही ते बरं वाटायचं.

कंपनीचं नाव हमाल, आणि तिच्या एकुलत्या एका मालाचं नावही हमालच. संगणकाला जे जे सॉफ्टवेअर लागेल ते दूरच्या कोठारातून गाठोडी बांधून आणायचं, जागच्या जागी लावायचं आणि नको झालं की काढायचं, एवढंच त्याचं काम. एका गाठोड्याला चालायला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. ती सगळी न विसरता आणली पाहिजेत. हुकूमसुद्धा पोरांनी घरच्या बोलीतले ठेवले होते: आण, ठेव, काढ. परदेशातली टायवाली माणसं आपली बोली टाइप करतात याचं मुख्य प्रोग्रॅमर वजदीला भारी कौतुक होतं.

सी तिजानींना या गाठोड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचं काम परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारींना बिनचूक फ्रेंचमध्ये उत्तरं लिहिणं. नेमणूक सहा महिन्यांच्या कागदावर. कागद संपला की दुसरा, तो संपला की तिसरा. असा आता आठवा कागद चालू होता. सत्तावन्नाव्या वर्षी हा कागद हातातून गेला तर आपल्याला दारात कुणी उभं करणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची बायको नजीहा दर सहा महिन्यांनी एकच प्रश्न विचारायची, "कायम केलं का रे तुला?" आणि ते मान हलवायचे.

मग बेल्जियमचं प्रकरण झालं.

तिथल्या एका औषधांच्या गोदामाच्या बाईंना एक जुनं गाठोडं काढायचं होतं. बाई शिस्तीच्या. त्यांनी हमालचं संदर्भपुस्तक उघडलं. प्रत्येक हुकूम काय करतो आणि काय करत नाही हे सांगणारं हे पुस्तक प्रोग्रॅमर पोरांनीच दोन कॉफींच्या मध्ये वेळ मिळेल तसं लिहिलं होतं. 'काढ'च्या पानावर होतं: 'हा हुकूम गाठोडं काढतो. तुमच्या सेटिंगच्या फायलींना तो नॉर्मालमाँ हात लावत नाही.' बाईंनी हुकूम दिला. हमालानं गाठोडं नेलं आणि जाताना फायलीही नेल्या. कुठल्या कपाटात कुठलं औषध आहे हे सांगणारं सगळं त्या फायलींत होतं. गोदाम आठवडाभर आंधळं होऊन बसलं.

बाईंचा फोन आला तेव्हा सगळं ऑफिस भोवती जमलं होतं. वजदीला मनापासून वाईट वाटलं, पण ते स्वतःबद्दल.

"पण मादाम," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "आम्ही आधीच लिहिलंय ना तिथं! नॉर्मालमाँ म्हणून!"

"म्हणून तर मी हुकूम दिला!" बाई ओरडल्या.

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काय झालंय हे एकट्या सी तिजानींना कळलं. आपण ज्याला सावध राहा म्हणतो, त्याला ती बाई वचन समजली होती.

अनीसनं त्यांना आत बोलावलं. "सी तिजानी, हे पुस्तक तुम्ही साफ करा. एक शब्द असा राहता कामा नये की ज्याचे दोन अर्थ निघतील. पुस्तक झालं की तुम्हाला कायम करून टाकू. नॉर्मालमाँ."

सी तिजानींच्या कानांना तो शब्द बरोबर ऐकू आला. सव्वीस वर्षांचे तयार कान ते. पण त्यांनी तो ऐकला नाही. घरी जाऊन त्यांनी नजीहाला सांगितलं, "पुस्तक झालं की कायम." वाक्याचा शेवटचा शब्द त्यांनी वाटेतच कुठेतरी टाकून दिला होता.

त्यांनी पूर्ण पुस्तक कागदावर छापून घेतलं. वजदी बघत राहिला. "अहो, एवढ्या कागदाचं करायचं काय? लग्नाच्या पत्रिका?" सी तिजानींनी पेन्सिलीला टोक काढलं आणि मोजायला बसले. दोनशे चौदा वेळा नॉर्मालमाँ. एका पानावर तर तो लागोपाठ तीन वाक्यांत होता.

शब्द खोडणं सोपं होतं. पण तो खोडला की त्या जागी काय लिहायचं? त्यासाठी खरं काय ते माहीत हवं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. सी तिजानी कागद घेऊन वजदीच्या टेबलाशी उभे राहायचे.

"वजदी, मध्येच इंटरनेट गेलं तर अर्धं आलेलं गाठोडं पुसलं जातं का?"

"जातं."

"जातंच?"

"म्हणजे... जायला पाहिजे."

"जायला पाहिजे हे मला नको. माझा भाऊही ईदला यायला पाहिजे. येतो का?"

"सी तिजानी, मी कोड लिहिलाय तसा!"

"मग तार काढ बघू."

वजदीनं तार काढली. गाठोडं पुसलं गेलं नाही. अर्धवट तसंच पडून राहिलं आणि वर 'सर्व ठीक' असा संदेश आला. वजदीनं तार परत लावून परत काढली, संदेश तोच. मग म्हणाला, "हा कोड त्या मागच्या वर्षी सोडून गेलेल्या पोरानं लिहिला असणार." कोडवर वजदीचं नाव होतं.

असं रोज चालायचं. सी तिजानी जिन्यात दिसले की प्रोग्रॅमर फोन कानाला लावून "हो आई, बोल आई" करत बाहेर सटकायचे. एकजण तर सिगारेट ओढत नसताना सिगारेट ओढायला जाऊ लागला. पण हे गृहस्थ काही हलायचे नाहीत. कॉफी घेऊन परतणाऱ्याची वाट बघत दारात उभे. हो की नाही? होतं की होत नाही? कधी होत नाही? शेवटी वजदीला एक गोष्ट उमगली, की सी तिजानींना उत्तर देत बसण्यापेक्षा प्रोग्रॅम दुरुस्त करणं सोपं आहे. मग पोरं निमूटपणे दुरुस्त करू लागली. ज्या पुस्तकानं हमाल कसा आहे ते सांगायचं, त्या पुस्तकाच्या धाकानं हमाल सुधारायला लागला. त्याचं श्रेय अर्थात पोरांनी घेतलं.

घरीही तो शब्द बंद झाला. नजीहा म्हणाली, "गॅस नॉर्मालमाँ संध्याकाळपर्यंत पुरेल," तर हे उठून सिलिंडर हलवून बघायचे.

"तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय," नजीहा म्हणाली. "तुझ्या आयुष्यातनं हा शब्द काढला तर राहील काय? माझ्या बापानं काय सांगितलं होतं आठवतंय?"

त्यांना आठवत होतं. तिचे वडील म्हणाले होते, नॉर्मालमाँ जैतुनाची तोड झाली की लग्न उरकू. त्यानंतर चार तोडी झाल्या. चारही वर्षं सी तिजानींनी दर शुक्रवारी सासऱ्यांकडे जाऊन झाडाला फळ कसं धरलंय याची चौकशी केली होती.

"तेव्हा तू विचारलंस का त्यांना, हो की नाही?"

"विचारलं असतं आणि नाही म्हणाले असते, तर?" सी तिजानी म्हणाले.

नजीहा हसली. "झालं तर मग."

फेब्रुवारीपर्यंत दोनशे तेरा शब्द गेले. शेवटचा एक मात्र हटेना. दोन गाठोड्यांना एकाच तिसऱ्या गाठोड्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असतील, तर हमाल नवीन आवृत्ती उचलतो, नॉर्मालमाँ. तीन दिवस वजदीनं आणि त्यांनी तो प्रयोग करून पाहिला. चाळीसदा नवी उचलली, सातदा जुनी. कारण काही सापडेना. तेव्हा सी तिजानींनी लिहिलं: 'हमाल बहुतेक वेळा नवी आवृत्ती उचलतो, कधीकधी जुनी. असं का होतं ते आम्हाला माहीत नाही. वापरण्याआधी स्वतः तपासा.'

वजदीनं डोक्याला हात लावला. "सी तिजानी! 'आम्हाला माहीत नाही' असं कुणी पुस्तकात लिहितं का? अब्रू जाईल!"

"तुला माहीत आहे का?"

"नाही."

"मग?"

पुस्तक प्रसिद्ध झालं. तीन आठवड्यांनी बेल्जियमच्या बाईंचं पत्र आलं. त्यांनी सगळं वाचलं होतं, आणि सगळ्यात जास्त विश्वास त्यांना 'आम्हाला माहीत नाही' या वाक्यामुळे वाटला होता. गोदाम आणखी दोन वर्षं हमालच वापरणार होतं. वजदीनं लाजेकाजेनं एक आख्खा आठवडा घालवून ती सात वेळांची भानगड शोधली आणि सोडवली. सी तिजानींनी ते वाक्य खोडलं. मनातून त्यांना ते खोडावंसं वाटत नव्हतं.

एप्रिलमध्ये तक्रारी निम्म्यावर आल्या. मेमध्ये दिवसच्या दिवस एकही पत्र यायचं नाही. सी तिजानी सकाळी टेबलाशी येऊन बसायचे, पेन्सिलीला टोक काढायचे, आणि पेन्सिल आखूड होत जायची. ऑफिसात जो तो जपून बोलायला लागला होता. कुणाच्या तोंडून चुकून तो शब्द आलाच तर तो जीभ चावायचा आणि बाकीचे हसायचे. जेवायला काय आहे असं विचारलं तरी वजदी सांगायचा, "मासे. तपासून पाहिलेत."

दोनशे चौदांपैकी एकही उरला नव्हता. दोनशे पंधरावा पुस्तकात नव्हता. तो अनीसच्या तोंडी होता. सी तिजानींनी अख्ख्या ऑफिसला दारात गाठून हो की नाही विचारलं होतं, फक्त त्या एका माणसाला विचारलं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती. नजीहानं तर शेजारणींत वाटायला बकलावा मिठाईचं ताट बेकरीत सांगूनही ठेवलं होतं. कधी न्यायचं तेवढं कळवायचं राहिलं होतं.

आठवा कागद जूनअखेर संपत होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते उठले, शर्ट खोचला आणि अनीसच्या खोलीत गेले.

"सी अनीस, ते मला कायम करण्याचं..."

"हो हो, सी तिजानी, बसा ना. ते नॉर्मा..."

अनीस थांबला. त्याची नजर खिशातल्या लाल पेन्सिलीवर गेली. त्यानं खुर्ची पुढे ओढली, कोपरं टेबलावर टेकली. त्याचा चेहरा जरा लालसर झाला होता.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्याशी मी तसं बोलणार नाही. तुम्ही आम्हाला एवढं शिकवलंत, आता तुम्हालाच गोल गोल उत्तर दिलं तर मला लाज वाटेल. कायम करणार नाही, सी तिजानी. पुढचा कागदही निघणार नाही. पुस्तक पूर्ण झालंय, तक्रारी येत नाहीत. तुमच्यासाठी काम उरलेलं नाही."

सी तिजानींनी सवयीनं ती वाक्यं मनात तपासली. त्यांत खोडण्यासारखं काही नव्हतं.

"नाहीच?" त्यांनी विचारलं.

"नाहीच."

चार वर्षांत या इमारतीत त्यांना इतकं स्वच्छ उत्तर कुणी दिलं नव्हतं. अनीसला ते जाणवलं असावं, कारण त्याला थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. सी तिजानींना त्या क्षणी तो शब्द हवा होता. अगदी खोटा, पोकळ, नळवाल्याच्या तोंडचा का असेना, पण हवा होता. त्या शब्दाच्या आधारावर त्यांनी छापखान्यानंतरची सहा वर्षं काढली होती, चार तोडी काढल्या होत्या. आणि तो त्यांनीच, स्वतःच्या हातानं, एकेक करून या ऑफिसातून काढून टाकला होता.

"शाबास, माकडा," ते म्हणाले आणि बाहेर आले. अनीसला ते रागानं म्हणाले की मायेनं, ते कळलं नाही.

ते घरी पोचले तेव्हा नजीहा अंगणात बदामाच्या झाडाखाली मासे साफ करत होती. तिनं हात फडक्याला पुसले आणि फोन उचलला.

"तुझ्या चेहऱ्यावरनं वाटतंय की बोलणं झालं. बेकरीवाल्याला उद्याचं सांगू ना? कायम केलं?"

सी तिजानींनी खिशातली पेन्सिल काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"नॉर्मालमाँ," ते म्हणाले.

नजीहानं त्यांच्याकडे पाहिलं. मग नंबर न लावताच फोन खाली ठेवला.

"हात धुऊन घे," ती म्हणाली. "मासे लगेच टाकते."